लिफ्टमामाचा उंदीर

इमारतीत अशी बातमी पसरली होती की लिफ्टमामाला मामीनं कीबोर्डासकट घराबाहेर काढलं, मामानं रागारागानं लिफ्टमध्येच बिऱ्हाड केलं, आणि सोबतीला एक उंदीर पाळला.

बातमी तळमजल्यावरच्या काकूंची. काकू कधीच कुणाला काही सांगत नाहीत. "मी काही कुणाला सांगत नाही हं, मला ती सवयच नाही, पण..." असं म्हणून त्या त्या 'पण'वर एक लांब श्वास घेतात आणि मग ते तळमजल्यावर निघालेलं बोलणं गच्चीवर जाऊन पोचतं. जिने न चढता.

खरं काय ते असं. मामाला कुणी काढलं नाही, तो आपल्या पायांनी गेला. कीबोर्ड काखेत होता हे खरं, पण रागानं नव्हे, अविश्वासानं. लिफ्टमध्ये तो राहिला हेही खरं, पण तो मुक्काम त्यानं ठरवलेला नव्हता. राहता राहिला उंदीर. तो मात्र अगदी खरा, आजही मामाच्या घरात आहे, आणि मामीचा फार लाडका आहे.

माझा मामा जन्माचा लिफ्टवाला. चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. अर्ध्या शहराच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्यात, आणि ते सगळं अंगात असं मुरलंय की घरातलं कपाट लावतानासुद्धा तो "दार सांभाळा" म्हणतो. पाहुणे आले आणि सोफ्यावर चौघांच्या जागेत पाच जण दाटीवाटीनं बसले की मामाच्या कपाळावर आठी. "एक जण उतरा," म्हणतो. हसून म्हणत नाही. एक जण उतरेपर्यंत गप्पा सुरू होत नाहीत.

त्याच्या धंद्यात एक नियम आहे. यंत्र उघडायच्या आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लटकवायची. आणि पाटी ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. दुसऱ्या कुणी, मग तो इमारतीचा मालक असो की मालकाचा बाप, तिला बोट लावायचं नाही. कारण आत माणूस असतो. हा नियम मामानं जसा हाताखालच्या पोरांना शिकवला तसाच बायकोलाही शिकवला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मामीनं शिलाई मशीनच्या मोटरीवरची पाटी काढून चार टिपा मारल्या होत्या. मामा ओरडला नाही. त्यानं नुसतं समजावलं. दुपारच्या चहाला सुरू केलं ते दिवेलागणीपर्यंत समजावलं. "त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं," असं मामी अजून म्हणते. तेव्हापासून घरात कशावरही ती पाटी दिसली की मामी दोन्ही हात मागे घेते आणि तोंड फिरवून निघून जाते.

मामी नाटकांचे पोशाख शिवते. राजे, भुतं, म्हातारे, झाडं. एकदा तिनं एका ढगाला खिसे लावून दिले होते, कारण ढगाचं काम करणाऱ्याला चष्मा ठेवायला जागा हवी होती. कापड कापायच्या आधी मापाचा कागदी नमुना लागतो. तो ती संगणकावर आखते, तुकड्यातुकड्यांनी छापते आणि चिकटपट्टीनं जोडते. काम करताना ओठांत टाचण्या. त्यामुळे तिला ओठ मिटता येत नाहीत, आणि ओठ मिटल्याशिवाय जी अक्षरं निघत नाहीत ती सगळी दुसरीच होऊन बाहेर पडतात. "माझं काम पुढे पळतंय" याचं "नाझं कान तुढे तळतंय" होतं. मामाला हे सगळं कळतं. इतकंच नव्हे, तर मामीनं टाचण्या काढून नीट बोलायला सुरुवात केली की तो हातातलं ठेवून उभा राहतो. टाचण्या काढणं म्हणजे प्रकरण गंभीर.

तर मामा निवृत्त झाला. सहकाऱ्यांनी हार, शाल वगैरे भानगडीत न पडता त्याला एक जुना लिफ्टचा पॅनेलच काढून दिला, बटणांसकट. मामानं तो भिंतीला लावला आणि रोज सकाळी बटणं दाबून पाहिली. दिवा लागायचा नाही, काही हलायचं नाही. आयुष्यभर बटण दाबलं की कुठेतरी काहीतरी हललं होतं; आता रिमोट मामीकडे, मिक्सर मामीकडे, शिलाई मशीन तर मामीचीच. मामा बसल्या जागी खंगायला लागला. टेबलावरच्या पेनाचं बटण दाबत बसायचा. टिक, टिक, टिक. मामीचं डोकं उठायचं.

त्याच सुमारास घरातल्या संगणकानं मान टाकली. संगणकवाला आला, त्यानं आतली जुनी प्रणाली काढून एक फुकटातली टाकून दिली आणि जाता जाता, उगाचच, माणुसकीच्या नात्यानं म्हणाला, "मामा, यात गंमत आहे. आतलं यंत्र तेच राहतं, तुमच्या फाइली त्याच राहतात, पण वरचा चेहरा पाहिजे तसा बदलता येतो. पट्टी कुठे, बटणं कुठे, खिडकी उघडायची कशी, सगळं. याला म्हणायचं डेस्कटॉप. डझनभर तरी मिळतात. एक पसंत करा आणि सुखानं नांदा."

माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

मामाला गोष्ट क्षणात कळली. "म्हणजे मशीनरूम तीच, नुसती केबिन बदलायची!" तो म्हणाला, आणि किती तरी दिवसांनी त्याचे डोळे चमकले. पेन त्यानं त्याच दिवशी खाली ठेवलं.

"मी एकच लावणार," त्यानं मामीला सांगितलं. "पण असा लावणार की पुन्हा डोळे मिटेपर्यंत बदलायला नको. लिफ्ट काय आपण दरवर्षी बदलतो?"

"नको," मामी म्हणाली. टाचण्या असूनही हा शब्द स्वच्छ ऐकू आला.

मग सुरू झाली निवड. खरी नावं इंग्रजी आणि जिभेला न वळणारी, म्हणून मामानं प्रत्येकाला त्याच्या चित्रावरून नाव ठेवलं. पहिला आला पाऊल. त्याच्या चिन्हात पायाचा ठसा होता. पाऊल दिसायला देखणा, पांढरीशुभ्र भिंत असलेल्या नव्या दवाखान्यासारखा. समोर काहीच नाही. मामीनं सकाळी संगणक उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. राजाचा अंगरखा, झाडाची बाही, सगळे नमुने गायब! "अगं आहेत, आहेत. आत ठेवलेत. बोलावले की येतात," मामा म्हणाला. "नी का त्यांना तत्रिका धाडू?" मामी म्हणाली. शिवाय मामाला एक खोड होती. काम झालं की तो बाण वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा, झाडू कोपऱ्यात उभा करावा तसा. पाऊलमध्ये बाण त्या कोपऱ्यात गेला की सगळ्या खिडक्या लहान होऊन एकदम समोर गोळा व्हायच्या. मामाला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला नमस्कार करताहेत. तोही आपला दरवेळी मान लववायचा.

मग आला चाक. चाकाच्या चिन्हात दातेरी चाक, आणि स्वभाव पंचतारांकित हॉटेलातल्या लिफ्टचा. आरसे, दिवे, संगीत, काय नाही ते विचारा. प्रत्येक गोष्ट बदलता यायची, आणि ती बदलायची जागाही बदलता यायची. खिडकी ओढली की लोण्यासारखी थलथलायची. मामानं अख्खी सकाळ एक खिडकी नुसती हलवण्यात घालवली. मामी मागे मापाची टेप घेऊन उभी. "झालं?" "थांब गं, ही बघ कशी थलथलते." "नाझंही डोकं आता तसंच व्हायला लागलंय."

त्यानंतर दालचिनी. ती साधी, गुणी, हसतमुख. मामाला आवडलीही होती. पण त्याची एक परीक्षा होती, आणि ती पास झाल्याशिवाय तो कुणाला होकार देणार नव्हता.

ती परीक्षा म्हणजे घाबरलेल्या बोटाची. मामाचं म्हणणं असं, की लिफ्टची खरी पारख शांत माणसाकडून होत नाही. शांत माणूस एकदा बटण दाबतो आणि उभा राहतो. घाबरलेला माणूस तेच बटण धडाधड दाबतो, दाबतच राहतो. चांगली लिफ्ट पहिलंच ऐकते आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करते. म्हणून मामा प्रत्येक डेस्कटॉपसमोर बसून आधी चेहरा घाबरा करायचा, डोळे मोठे करायचा, "अरे देवा, अरे देवा" म्हणायचा आणि एकाच चित्रावर टकाटका टिचक्या मारायचा. मग उघडलेल्या खिडक्या मोजायचा. दारातून पाहणाऱ्याला वाटावं, माणूस गेला कामातून.

आणि परीक्षा चालू असताना पडद्यावर पाटी. तीच ती, 'दुरुस्ती चालू आहे', लोखंडी, कोपऱ्यात पोपडे उडालेली, सुतळीनं लटकवलेली. पाटी असेपर्यंत मामीचं काम बंद. सोमवारी पाऊल, बुधवारी चाक, शनिवारी पुन्हा पाऊल, "त्याच्यावर जरा अन्याय झाला होता" म्हणून. मामीची कात्री, म्हणजे तिच्या नमुन्यांच्या कार्यक्रमाचं कात्रीचं चित्र, कधी वर, कधी खाली, कधी एका पेटीच्या आतल्या पेटीत. मधे एकदा मामीनं पडद्याच्या चौकटीवर, खाली डाव्या कोपऱ्यात, कोटाचं एक मोठं लाल बटण डिंकानं चिकटवलं. मामानं ते पाहिलं आणि मनात म्हणाला, बायकांना सजावटीची हौस असते. विषय संपला.

शेवटी मामीनं टाचण्या काढल्या. एकेक करून उशीत खोचल्या. मामा उभा राहिला.

"शुक्रवारी नाटकवाली नमुने न्यायला येणार," मामी म्हणाली. "त्याच्या आत एक काय तो ठरवा. ठरला तर ठीक. नाही ठरला तर संगणक माझा. तुम्ही माऊसलासुद्धा शिवायचं नाही, परत कधीच नाही. तुम्हाला मी कापडाचं एक मोठ्ठं बटण शिवून देते, कापूस भरून. ते दाबत बसा."

मामा हसला नाही. त्याला ते बटण दिसलं. मऊ, गुबगुबीत, दाबलं तर दबणारं, आणि कुठेच काही न हलवणारं. मग भिंतीवरचा मेलेला पॅनेल दिसला. आणि मग आपण खुर्चीत बसून पुन्हा पेन टिकटिकवतोय असं दिसलं. 

"ठरवतो," तो म्हणाला.

शुक्रवार उजाडला. मामाची दाढी अर्धी झालेली, चहा गार झालेला. समोर एक नवा उमेदवार उभा होता, त्याचं नाव उंदीर, कारण चिन्हात उंदीर. उंदीर म्हणजे जुन्या सरकारी कचेरीतली लिफ्ट. जाळीचं दार, करकर नाही, आरसा नाही, चढते आणि उतरते. मामाच्या मनात पाऊलचं रूप, चाकाची ऐट, दालचिनीचा स्वभाव आणि उंदराचा साधेपणा असा चौघांचा गोंधळ. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आता मामाला विचार करायचा असला की तो लिफ्टमध्ये जातो. काही माणसं फेऱ्या मारतात, मामा वरखाली करतो. त्यानं पडद्यावर पाटी लटकवली. तरी भरवसा वाटेना, मामीनं चुकून एंटर दाबलं तर भलताच गळ्यात पडायचा. म्हणून त्यानं कीबोर्ड उपसून काखेत मारला आणि चौथ्या मजल्यावरून लिफ्टमध्ये शिरला. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा काकूंनी त्याला पाहिलं. अर्धी दाढी, काखेत कीबोर्ड, ओठ पुटपुटताहेत. काकूंनी "मी काही कुणाला सांगत नाही" म्हणायला तोंड उघडलं, पण दार मिटलं होतं.

त्याच दिवशी लिफ्टच्या देखभालीला पान्या आला. पान्या म्हणजे मामाचा शेवटचा शिष्य, खिशात कायम पाना, म्हणून पान्या. तो "होय उस्ताद नाही उस्ताद" एका श्वासात म्हणतो, म्हणजे यातलं जे बरोबर असेल ते उस्तादांनी निवडून घ्यावं. स्विच बंद करायच्या आधी त्यानं नियमाप्रमाणे खालून हाक मारली, "आत कोणी आहे काऽऽ?"

आणि मामानं उत्तर दिलं, "कोणी नाहीऽऽ!"

त्याचा दोष नव्हता. आयुष्यभर खालून हाक आली की केबिनच्या टपावरून मामानं आत डोकावून हेच सांगितलं होतं. डोक्यात चाक आणि दालचिनी भांडत होते, तोंड आपलं नोकरीवरच होतं. खाली पान्यानं उस्तादांचा आवाज ऐकला. उस्ताद म्हणताहेत कोणी नाही, म्हणजे कोणी नाही. त्यानं खटका ओढला, पाटी लटकवली आणि चहाला गेला.

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे थबकली. दिवा गेला. अंधार गुडुप.

वर मामीच्या दारात नाटकवाली उभी राहिली. नाटकवाली कुठेही बोलली तरी शेवटच्या रांगेसाठी बोलते. "मी! आले! आहे!" मामी तिला घेऊन संगणकाच्या खोलीत आली आणि दारातच थांबली. पडद्यावर पाटी. टेबलावर कीबोर्ड नाही. मामीचे हात आपोआप मागे गेले.

"काढा! की! ती! पाटी!" नाटकवाली म्हणाली.

"नला नाही काढता येत," मामी म्हणाली. "ज्यानं लावली त्यानंच काढायची."

तेवढ्यात लिफ्टच्या बोळातून बॅटरीवरची धोक्याची घंटा वाजू लागली. ट्रिंग. ट्रिंगट्रिंग. ट्रिंगट्रिंगट्रिंगट्रिंग. मामी बाहेर धावली. चौथ्या मजल्यावरच्या दाराच्या फटीला तिनं तोंड लावलं.

"अहो? तुन्ही आहात?"

"मीच आहे!" खालून अंधारातून मामा. "पान्याला बोलाव! खालचा स्विच चालू करायला सांग!"

काकू खालून ओरडल्या, "स्विचवर पाटी आहे होऽऽ! 'दुरुस्ती चालू आहे'!"

"मग काढा ना पाटी!"

"मी कशी काढू? तुम्हीच तर गेल्या वर्षी सगळ्या इमारतीला गोळा करून सांगितलंत, लावणाऱ्यानंच काढायची म्हणून! वर परीक्षा घेतलीत!"

 आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"आणि वरती," मामी फटीतून म्हणाली, तिचा आवाज आता अगदी स्वच्छ येत होता, म्हणजे टाचण्या निघाल्या होत्या, "वरती तुमची पाटी माझ्या संगणकावर आहे. नाटकवाली येऊन बसलीय."

"ती काढ तू! मी परवानगी देतो!"

"परवानगी नसते हो. तुम्हीच समजावलं होतंत. दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत."

मामानं कपाळाला हात लावायचा प्रयत्न केला, पण हातात कीबोर्ड होता, तो कपाळाला लागला.

"हे बघा," मामी म्हणाली, "पान्या येईल तेव्हा येईल. पण शुक्रवार आलाय. ठरलं का तुमचं? आत्ता एक नाव घ्या, तर तुम्ही येईपर्यंत मी नाटकवालीला थांबवून धरते. नाही घेतलंत, तर ते कापसाचं बटण शिवायला घेते. लाल कापड आहे घरात."

फटीतून येणाऱ्या एवढ्याशा उजेडात मामाला काहीच दिसत नव्हतं. घाबरून त्यानं पुन्हा घंटा दाबली. पुन्हा दाबली. दाबतच राहिला. आणि मग एकदम थांबला. जन्मभर लोकांना "एकदाच दाबा, एकदाच दाबा" सांगणारा आपण, आणि आज आपलंच बोट घाबरलंय! पण त्याहून चमत्कारिक गोष्ट त्याच्या लक्षात आली ती ही, की अंधारात घंटा सापडली कशी? शोधावी लागली नव्हती. अंगठा आपोआप गेला होता. उजवीकडे, सगळ्यात खाली. लिफ्ट बसवली तेव्हापासून ते बटण तिथेच होतं. केबिनला रंग बदलला, पंखा बदलला, एकदा आरसा लावून काढलाही. ते बटण कुणी हलवलं नव्हतं.

त्यानं चारही डेस्कटॉपांचा वेग पाहिला होता, रूप पाहिलं होतं, पहिल्या तिघांची घाबरलेल्या बोटाची परीक्षाही घेतली होती. पण बोट कुणाचं, ते पाहिलं नव्हतं. घरात घाईनं काम करणारं, घाबरणारं, खरं बोट एकच होतं, आणि ते आत्ता फटीच्या पलीकडे होतं.

"अगं," मामा अंधारातून म्हणाला, "ते पडद्यावर लाल बटण चिकटवलंयस... ते कशासाठी?"

मामी फटीशी खाली बसली.

"आज विचारताय होय?" मामी म्हणाली. "माझी कात्री तिथे असायला पाहिजे म्हणून. तुम्ही रोज ती हलवता. मला तुमचं पाऊल कळत नाही न् चाक कळत नाही. मला चारही सारखेच दिसतात. मी आपली बटणाशी बोट नेते, आणि तिथे कात्री नसते."

"मला वाटलं सजावट."

"एका बटणाची?"

मामाच्या मनात चौघं रांगेत उभे राहिले. पाऊल समोर काही ठेवूच देत नव्हता. चाकात कात्री ठेवता यायची, पण मामाच्या हाताला तिथे खाज सुटायची, दोन दिवसांत ती ठोकळ्यासारख्या गरगर फिरणाऱ्या पडद्याच्या मागच्या बाजूला गेली असती. दालचिनी गुणी, पण रोज नटवायचा मोह व्हावा अशी. राहिला तो एकच. ज्याच्यात हलवण्यासारखं मुळात काही नव्हतं, आणि ठेवलं ते ठेवल्या जागी राहत होतं.

"उंदीर!" मामा जिवाच्या आकांतानं ओरडला. "उंदीर! उंदीर!"

लिफ्टचा बोळ म्हणजे पोकळ नळी. शब्द वर गच्चीपर्यंत आणि खाली तळमजल्यापर्यंत गेला. काकू खुर्चीवर चढल्या. वरच्या मजल्यावर दोन दारं धाडकन लागली. आणि नाटकवालीनं, जिला असल्या प्रसंगी काय करायचं याचं चांगलं शिक्षण झालेलं आहे, अशी किंकाळी फोडली की रस्त्याच्या टोकाला चहाच्या टपरीवर पान्याच्या हातातला ग्लास हिंदकळला. तो तसाच पळत आला.

"उस्ताद! आत कोण आहे?"

"मी आहे रे गाढवा!"

"पण मघाशी तर म्हणालात कोणी नाही!"

 "पाटी काढ," तो फक्त म्हणाला, जरा मऊ आवाजात.

पान्यानं आपली पाटी आपल्या हातानं काढली. दिवा लागला, लिफ्ट चौथ्यावर येऊन उभी राहिली. "दार सांभाळा," मामा सवयीनं म्हणाला आणि कीबोर्ड छातीशी धरून बाहेर पडला. त्यानं सरळ आत जाऊन पडद्यावरची आपली पाटी काढली, कीबोर्ड जोडला, उंदीर कायमचा लावला, आणि कात्री ओढत आणून लाल बटणाच्या नाकासमोर ठेवली. मग खुर्चीतून उठला.

मामी बसली. बटणाशी बोट नेलं. कात्री होती. नाटकवाली डोक्यावर उभी होती म्हणून मामीच्या हाताला घाई झाली आणि तिनं कात्रीवर टकाटका, टकाटका टिचक्या मारल्या. मामानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर कात्रीच्या खिडक्यांची जत्राच भरली होती. उंदीर घाबरलेल्या बोटाच्या परीक्षेत सपशेल नापास.

 मामीनं एक ठेवून बाकीच्या एकेक करून मिटल्या. "नला काय झालंय, नी करते की दंद," ती टाचण्या ओठांत धरत म्हणाली. राजाचा अंगरखा छापून निघायला लागला.

मामाची नक्कल शाळेत आणि घरात करत फिरणारी मी, त्याची भाची, त्या संध्याकाळी त्याच्याकडे गेले होते. मामा नव्या उंदरासमोर बसून काहीच बदलत नव्हता, आणि ते त्याला किती जड जातंय ते त्याच्या सारख्या हलणाऱ्या गुडघ्यावरून कळत होतं. मी म्हटलं, "मामा, लाव पैज. माझ्या वार्षिक परीक्षेच्या आत तू दुसरा चेहरा लावलेला असशील. लावलास तर तुमच्या निवृत्तांच्या मेळाव्यात मी सगळ्यांसमोर तुझी नक्कल करणार, लिफ्टमधल्या 'उंदीर! उंदीर!'सकट."

"आणि नाही लावला तर?"

"तर पुढचं अख्खं वर्ष तुझी नक्कल बंद. कुठेच नाही. शाळेत नाही, घरात नाही."

मामा तयार झाला. मला तर ही पैज म्हणजे पडलेलं फळ उचलायचं काम वाटलं. मी त्याला नव्या नव्या डेस्कटॉपांची चित्रं पाठवायला लागले. चकाकणारी, उडणारी, एक तर श्वास घेत असल्यासारखं वाटणारं. मामीच्या फोनवरून कळायचं, की मामा "वा" म्हणायचा, उसासा टाकायचा, उठून लिफ्टनं दोन फेऱ्या मारून यायचा आणि पुन्हा उंदरासमोर बसायचा. मला कळेचना, या माणसाला एवढा निग्रह आला कुठून.

परीक्षा संपल्यावर गेले तेव्हा कळलं. पडद्याच्या वरच्या बाजूला, चौकटीला दोन बंदांनी घट्ट बांधलेली, एक कापडी पाटी होती. लाल कापड, पांढऱ्या दोऱ्यानं भरतकाम केलेली अक्षरं, कडेला नाजूक झालर. 'दुरुस्ती संपली'. मामीनं पैजेच्या दुसऱ्याच दिवशी शिवून लावली होती, आणि हे मला दोघांपैकी कुणी सांगितलं नव्हतं.

"काढता येत नाही ना मला," मामा म्हणाला. "मी लावलेली नाही." आणि सुखानं बटणं दाबायला लागला.

तर मामाचा आवाज काढायला मला आता पुढच्या परीक्षेपर्यंत बंदी आहे. 'दार सांभाळा'सुद्धा म्हणायचं नाही. मी तोंड उघडलं की मामा नुसतं बोट वर करतो आणि मामीकडे बघतो. पण पैज बोलण्याची होती. लिहिण्याबद्दल त्या दिवशी कुणी काही बोललं नव्हतं.